विषाणूंची सूक्ष्म आरएनए आणि लसीकार्बुदे

मनुष्याच्या शरीरात रक्तवाहिन्यांच्या जोडीने वाहिन्यांची आणखी एक व्यवस्था असते. तिच्यातून जो फिकट द्रव वाहतो त्याला लसीका म्हणतात. या वाहिन्यांच्या मार्गावर मानेत, काखेत व जांघेत लहान लहान ग्रंथी असतात. पायाला जखम झाली असता जांघेत अवधाण येते, ते यांपैकीच एखादी ग्रंथी सुजल्यामुळे. या ग्रंथींत आणि रक्तात ज्या पांढऱ्या पेशी रोगजंतूंवर पहारा ठेवतात, त्यांपैकी लसीका पेशी हा एक महत्त्वाचा वर्ग होय. त्यांचे बी पेशी आणि टी पेशी असे दोन मुख्य प्रकार आहेत. बी पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतात. टी पेशींपैकी काही, रोगग्रस्त पेशी ओळखून त्यांचा नाश करतात. या पहारेकऱ्यांपैकीच एखादा बेबंद होऊन त्याची अमर्याद वाढ होऊ लागली, की जो कर्करोग उद्भवतो त्याला वैद्यकात लिम्फोमा आणि मराठीत लसीकार्बुद असे म्हणतात. लसीकार्बुदे अनेक प्रकारची असून त्यांची कारणेही अनेक आहेत. त्यांपैकी विषाणूंशी निगडित असलेल्या काहींचाच येथे विचार करावयाचा आहे. आणि त्यातही, विषाणूच्या ठिकाणी आढळणाऱ्या, जेमतेम बावीस अक्षरे लांबीच्या एका चिमुकल्या घटकाचा.

१९५७ साली युगांडातील कंपाला येथील मुलागो रुग्णालयात ह्यू ट्रॉवेल या डॉक्टरांनी आपले सहकारी, आयरिश शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांना एक मूल पाहण्यासाठी बोलाविले. पाच वर्षांच्या त्या मुलाचे वरचे व खालचे असे दोन्ही जबडे दोन्ही बाजूंना विद्रूप होण्याइतके सुजले होते. एकाच वेळी चार ठिकाणी उठलेल्या या गाठींचा उलगडा बर्किट यांना होईना. पुढे काही आठवड्यांनी जिंजा या गावच्या रुग्णालयात त्यांना अगदी तशाच चेहऱ्याचे दुसरे मूल दिसले. एक रुग्ण ही नवलाई असते. दुसरा भेटला की तिचा रोग होतो. बर्किट यांनी रुग्णालयांची जुनी दप्तरे चाळली, नकाशे मांडले आणि १९५८ साली आफ्रिकेतील मुलांच्या जबड्यांत होणाऱ्या या अर्बुदाविषयी निबंध प्रसिद्ध केला. १९६१ च्या अखेरीस ते दोन सहकाऱ्यांसह एका जुन्या मोटारीतून निघाले आणि दहा आठवड्यांत सुमारे सोळा हजार किलोमीटरचा प्रवास करून त्यांनी रुग्णालयांमागून रुग्णालये पालथी घातली. या प्रवासातून असे आढळून आले, की जेथे हवा उष्ण असते व पाऊस पुष्कळ पडतो तेथेच हा रोग होतो. उंच, थंड वा कोरड्या प्रदेशांत तो जवळजवळ नाहीच. अर्थात एखाद्या कीटकाने पसरविलेला विषाणू याच्या मुळाशी असावा असा तर्क पुढे आला. तर्काचा पूर्वार्ध पुढे चुकीचा ठरला, कारण हा विषाणू कीटकांमार्फत पसरत नाही, लाळेतून पसरतो. आणि डासांचा जो संबंध होता तो मलेरियामुळे होता. तरीही विज्ञानाच्या इतिहासात इतके फलदायी चुकीचे तर्क थोडेच सापडतील.

मार्च १९६१ मध्ये लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात बर्किट यांचे व्याख्यान झाले. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन हे विकृतिशास्त्रज्ञ होते. कोंबड्यांमध्ये अर्बुद उत्पन्न करणाऱ्या विषाणूवर ते त्या काळी काम करीत असत. विषाणूमुळे कोंबडीला कर्करोग होतो हे पेटन रूस यांनी १९११ सालीच दाखविले होते. मनुष्याच्या बाबतीत मात्र तसे म्हणण्याचे धाडस फारसे कोणी करीत नव्हते. एपस्टाइन यांनी कंपालाहून विमानाने अर्बुदांचे तुकडे मागविण्यास प्रारंभ केला. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दोन वर्षे शोध घेऊनही विषाणू काही दिसेना. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे एक विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरविण्यात आले आणि तुकडा प्रयोगशाळेत उशिरा पोचला. तोवर कुपीतील द्रव गढूळ झाला होता. जंतुसंसर्ग झाला असे समजून तो फेकून दिला गेला असता तर नवल नव्हते. पण एपस्टाइन यांनी थेंब तपासून पाहिला, तेव्हा तो गढूळपणा अर्बुदातून सुट्या होऊन तरंगणाऱ्या जिवंत पेशींचा असल्याचे निष्पन्न झाले. या पेशी संवर्धनद्रवात वाढल्या आणि १९६४ मध्ये त्यांच्यात विषाणूचे कण दिसले. एपस्टाइन, बर्ट अचाँग व इव्हॉन बार यांनी त्याच वर्षी ही माहिती प्रसिद्ध केली. एपस्टाइन-बार विषाणू हे नाव त्यावरूनच पडले. हा विषाणू ज्या हर्पिस कुलातील आहे त्याच कुलातील दुसऱ्या एका विषाणूमुळे कांजिण्या व नागीण होते. प्राथमिक आजार ओसरल्यावरही शरीरात जन्मभर दडून राहणे, हा या साऱ्या कुलाचा स्वभाव होय.

येथवरची हकीकत सरळ आहे. अडचण उद्भवली ती पुढे. एपस्टाइन-बार विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे शोधू लागल्यावर ती केवळ आफ्रिकेतील रुग्णांतच नव्हे, तर जगभरातील निरोगी माणसांत सापडू लागली. प्रौढांपैकी शेकडा नव्वदांहून अधिकांना हा संसर्ग होऊन गेलेला असतो. भारतासारख्या देशांत तो बहुधा अगदी लहानपणीच होतो व कळूनही येत नाही. पाश्चात्त्य देशांत तो तरुण वयात झाल्यास ग्रंथिज्वर येतो, हे फिलाडेल्फियाच्या वर्नर व गर्ट्रूड हेनले या दांपत्याने १९६८ मध्ये दाखवून दिले. जो विषाणू जवळजवळ प्रत्येकाच्या शरीरात आहे त्याच्यावर एका दुर्मिळ कर्करोगाचा दोष कसा ठेवावयाचा? उलटपक्षी, मलेरियाग्रस्त आफ्रिकेतील बर्किट अर्बुदांच्या जवळजवळ प्रत्येक नमुन्यात तो सापडतो. हॉजकिन रोग या दुसऱ्या लसीकार्बुदाच्या बऱ्याच रुग्णांत सापडतो, आणि भारतीय मुलांच्या हॉजकिन रोगात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य मुलांपेक्षा बरेच जास्त आहे. १९९७ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याला मानवी कर्करोगाच्या निश्चित कारणांत स्थान दिले.

दरम्यान अर्बुदपेशींच्या गुणसूत्रांतही एक खोट आढळली होती. बर्किट अर्बुदात आठव्या गुणसूत्राचा एक तुकडा बहुधा चौदाव्याला जाऊन चिकटलेला असतो. त्यामुळे मिक नावाचे, पेशीला वाढण्याचा हुकूम देणारे जनुक प्रतिपिंडांच्या जनुकांशेजारी येऊन पडते आणि अहोरात्र चालू राहते. १९८२ पर्यंत ही गोष्ट स्पष्ट झाली होती. मलेरियामुळे बी पेशी सतत विभागत राहतात व अशा चुका होण्याचा संभव वाढतो, असे मानले जाते. परंतु मिक जनुकाचा एक विशेष असा, की ते अतोनात चालू लागले म्हणजे पेशी स्वतःच्या मरणाचीही तयारी करते. पेशीच्या अंगी नियोजित मृत्यूची ही जी योजना आहे, ती बेबंद पेशींविरुद्ध शरीराचे पहिले संरक्षण होय. मग बर्किट अर्बुदाच्या पेशी मरत का नाहीत?

विषाणू तिला वाचवितो असे म्हणावे, तर तो हे साधतो कशाच्या बळावर? प्रयोगशाळेत निरोगी बी पेशींना या विषाणूचा संसर्ग केला, तर तो अनेक प्रथिने तयार करतो व त्या पेशींना अमरत्व बहाल करतो. बर्किट अर्बुदात मात्र तो बहुतेक ठिकाणी एकच प्रथिन तयार करतो, आणि त्याचे मुख्य काम विषाणूच्या जनुकसंचाची प्रत प्रत्येक कन्यापेशीत टिकवून धरणे हे आहे. इतर प्रथिनांची त्याने जणू दारे लावून घेतलेली असतात. याचे कारण समजण्याजोगे आहे. पेशीत जे प्रथिन तयार होते त्याचे बारीक तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडले जातात, आणि परके तुकडे दिसले की टी पेशी त्या पेशीचा समाचार घेतात. विषाणूने मौन धरले नाही तर त्याचे घर उद्ध्वस्त होईल. पण मौन धरलेला हा पाहुणा यजमानाच्या कर्करोगाला हातभार लावतो कसा? कित्येक वर्षे या प्रश्नावर समाधानकारक उत्तर नव्हते. विषाणू हा अर्बुदातील निव्वळ प्रवासी असावा, असेही म्हणणारे होते.

उत्तराचा एक धागा अगदी अनपेक्षित ठिकाणी सापडला. बर्किट यांचा मृत्यू मार्च १९९३ मध्ये झाला. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेत दोन निबंध प्रसिद्ध झाले. त्यांचा विषय कर्करोग नव्हता की विषाणू नव्हता, तर जमिनीत राहणारा जेमतेम एक मिलिमीटर लांबीचा एक कृमी होता. व्हिक्टर अँब्रोस, रोझलिंड ली व रोंडा फाइनबाउम यांना असे आढळले, की या कृमीच्या लिन-४ या जनुकापासून प्रथिन मुळीच तयार होत नाही. तयार होते ते सुमारे बावीस अक्षरांचे एक आखूड आरएनए. हे आरएनए दुसऱ्या एका जनुकाच्या संदेशाला चिकटून त्याचे काम थांबविते, हे त्यांच्या व गॅरी रव्हकन यांच्या प्रयोगांतून उघड झाले. सात वर्षे ही एका कृमीची लहर समजली गेली. २००० साली रव्हकन यांच्या प्रयोगशाळेने असेच दुसरे आरएनए शोधले, आणि ते माशीपासून मनुष्यापर्यंत सर्वत्र आहे असे दिसून आले, तेव्हा मात्र साऱ्यांचे लक्ष तिकडे वेधले. या सूक्ष्म आरएनएंच्या शोधाबद्दल अँब्रोस व रव्हकन यांना २०२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत एपस्टाइन एकशे दोन वर्षांचे होऊन निवर्तले.

सूक्ष्म आरएनएचे कार्य समजण्यासाठी सरकारी दप्तराची उपमा उपयोगी पडेल. पेशीच्या केंद्रकात डीएनएच्या रूपाने मूळ दस्तऐवज असतात. ते बाहेर जात नाहीत. त्यांच्या नकला, म्हणजे संदेशवाहक आरएनए, बाहेर पेशीद्रव्यात पाठविल्या जातात आणि त्या वाचून प्रथिने बनविली जातात. मूळ दस्तऐवजाला हात न लावता एखादा हुकूम निष्फळ करावयाचा असेल, तर सोपा मार्ग म्हणजे त्याच्या नकला अडवून ठेवणे किंवा फाडून टाकणे. सूक्ष्म आरएनए नेमके हेच करते. आरंभी ते एका लांब धाग्याचा भाग असते. हा धागा केसांत खोवावयाच्या आकड्याप्रमाणे स्वतःवरच दुमडलेला असतो. ड्रोशा नावाचे विकर केंद्रकात हा आकडा कापून वेगळा करते, बाहेर आल्यावर डायसर नावाचे विकर त्याचे टोक छाटते, आणि उरलेला बावीस अक्षरांचा तुकडा अर्गोनॉट नावाच्या प्रथिनाच्या खाचेत जाऊन बसतो. मग हे प्रथिन त्या तुकड्याच्या साहाय्याने आपल्याला हवी ती नक्कल शोधते. विशेष असे, की बावीसच्या बावीस अक्षरे जुळण्याची आवश्यकता नसते. दुसऱ्या क्रमांकापासून आठव्यापर्यंतची सात अक्षरे जुळली की बहुधा काम भागते. या सात अक्षरांना बीजाक्षरे म्हणावयास हरकत नाही. बीजाक्षरे थोडी असल्यामुळेच एक सूक्ष्म आरएनए शेकडो निरनिराळ्या नकलांना जुळू शकते. मात्र त्यामुळे प्रत्येक प्रथिनात पडणारी घट बहुधा माफकच असते. दिवा विझविण्यापेक्षा वात खाली करण्यासारखे हे आहे.

२००४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात टॉमस टुशल यांच्या प्रयोगशाळेतील सेबास्तियां फेफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग झालेल्या बर्किट अर्बुदाच्या पेशींतील सगळी आखूड आरएनए गोळा करून एकेक वाचून पाहिली. त्यांपैकी काही मनुष्याची नव्हती. ती विषाणूची होती. विषाणूजवळ ड्रोशा नाही की डायसर नाही. तो फक्त दुमडलेला धागा पुरवितो आणि पुढील सर्व काम यजमान पेशीच्या विकरांकडून फुकटात करून घेतो. आणि येथेच मौनाचे कोडे सुटू लागले. सूक्ष्म आरएनए प्रथिन नसल्यामुळे त्याचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडले जात नाहीत आणि टी पेशींना त्याचा सुगावा लागत नाही. प्रथिनांच्या बाबतीत मुका असलेला विषाणू या मार्गाने यजमानाच्या कारभारात ढवळाढवळ करू शकत होता.

त्या पहिल्या शोधात केवळ पाचच आरएनए सापडली. याचे कारण मोठे मार्मिक आहे. प्रयोगशाळांतून सर्रास वापरला जाणारा व १९८४ साली ज्याचा संपूर्ण जनुकसंच प्रथम वाचला गेला तो विषाणूचा वाण, बी-९५-८, ग्रंथिज्वराच्या एका रुग्णाकडून घेऊन मार्मोसेट माकडांच्या पेशींत वाढविलेला होता. त्याच्या सुमारे एक लक्ष बाहत्तर हजार अक्षरांत, रुग्णांत आढळणाऱ्या विषाणूच्या मानाने जवळजवळ बारा हजार अक्षरांचा एक तुकडा गळालेला आहे. आणि बहुसंख्य सूक्ष्म आरएनए नेमकी त्याच तुकड्यात आहेत! पुढील दोन वर्षांत पूर्ण विषाणूत शोध घेतल्यावर ती सापडली. आज या विषाणूचे पंचवीस आकडे व त्यांपासून होणारी चव्वेचाळीस सूक्ष्म आरएनए ज्ञात आहेत. ती दोन समूहांत विभागलेली असून त्यांना बीएचआरएफ-१ व बार्ट अशी नावे आहेत. पहिल्यात तीन आकडे आहेत, दुसऱ्यात बावीस. बर्किट अर्बुदात प्रामुख्याने दुसरा समूह चालू असतो. नव्याने संसर्ग झालेल्या व भराभर वाढणाऱ्या बी पेशींत पहिलाही असतो. तथापि एक गोष्ट दृष्टिआड करता येणार नाही. बी-९५-८ वाणाजवळ बार्ट समूहातील बहुतेक आरएनए नसूनही तो परीक्षानळीत बी पेशींना खुशाल अमर करतो. म्हणजे निदान परीक्षानळीतील अमरत्वासाठी तरी त्या समूहाचा बराचसा भाग अपरिहार्य नाही.

मग तो कशासाठी आहे? विस्कॉन्सिन विद्यापीठातील बिल सग्डेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलट्या बाजूने विचारला. बर्किट अर्बुदाच्या पेशींतून त्यांनी विषाणूलाच हुसकावून लावले. तेव्हा पेशी मरू लागल्या. मिक जनुक तर चालूच होते. विषाणू गेल्यावर मृत्यूची योजना पुन्हा जागी झाली. नंतर, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात, त्यांनी अशा पेशींना विषाणूऐवजी केवळ बार्ट समूहाची सूक्ष्म आरएनए पुरविली असता त्यांचा मृत्यू बऱ्याच अंशी टळला. या आरएनएंच्या लक्ष्यांपैकी एक कॅस्पेज-३ ची नक्कल होती. हे विकर म्हणजे पेशीच्या नियोजित मृत्यूतील जणू जल्लादच. मिक पेशीला पळवितो आणि विषाणूची आरएनए तिला मरू देत नाहीत, अशी ही जोडी आहे. बर्किट अर्बुदाच्या बाबतीत विषाणूच्या सहभागाचे इतके सरळ स्पष्टीकरण यापूर्वी उपलब्ध नव्हते. इतर प्रयोगांत, नैसर्गिक मारक पेशींना धोक्याची खूण देणारे एक प्रथिन, आणि टी पेशींना बोलावून आणणारे दुसरे, यांच्या नकलाही विषाणूची आरएनए दडपतात असे दिसून आले आहे.

विषाणूंच्या सूक्ष्म आरएनएंमुळे अर्बुद होऊ शकते याचा सर्वांत सबळ पुरावा मात्र मनुष्याच्या नव्हे, कोंबड्यांच्या रोगातून मिळाला आहे. तो समजण्यासाठी प्रथम यजमान पेशीच्या स्वतःच्या एका सूक्ष्म आरएनएची ओळख करून घेतली पाहिजे. त्याचे नाव मिर-१५५. त्याचा मागही प्रथम कोंबडीतच लागला होता. १९८९ मध्ये असे दिसून आले, की कोंबड्यांच्या लसीकार्बुदांत एक विषाणू वारंवार जनुकसंचातील ठराविक जागी शिरतो. तेथील जनुकाला बिक असे नाव मिळाले, पण त्यापासून कोणतेच प्रथिन होत नसल्यामुळे ते निरर्थक वाटे. पुढे कळले की त्यातून मिर-१५५ तयार होते. निरोगी बी व टी पेशी उद्दीपित झाल्या की ते काही काळ वाढते व मग उतरते. ओहायो स्टेट विद्यापीठात कार्लो क्रोचे यांच्या प्रयोगशाळेने २००६ मध्ये असे उंदीर तयार केले, की ज्यांच्या बी पेशींत मिर-१५५ सतत चालू राही. या उंदरांत बी पेशींचे मारक रोग उद्भवले. एकट्या सूक्ष्म आरएनएने कर्करोगाची वाट मोकळी व्हावी, हे तेव्हा नवे होते.

२००७ मध्ये दोन प्रयोगशाळांनी स्वतंत्रपणे दाखविले, की कापोसी अर्बुदाच्या हर्पिस विषाणूजवळ असलेल्या एका सूक्ष्म आरएनएची बीजाक्षरे मिर-१५५ च्या बीजाक्षरांशी तंतोतंत जुळतात. हा विषाणू एड्सच्या रुग्णांत बी पेशींचे एक विशिष्ट लसीकार्बुद उत्पन्न करतो. बाकीची अक्षरे वेगळी, बीजाक्षरे तीच. म्हणजे या विषाणूने यजमानाच्या किल्लीचे दातेच तेवढे उतरवून घेतले आहेत. मानवी रक्तजनक पेशींत ही किल्ली घालून त्या उंदरांमध्ये वाढविल्या असता प्लीहेतील बी पेशींची संख्या वाढली. अर्बुद मात्र झाले नाही. एपस्टाइन-बार विषाणूजवळ अशी नक्कल किल्ली नाही. तो आपल्या प्रथिनांकरवी यजमानाचे स्वतःचे मिर-१५५ च चालू करवितो. निदान भराभर वाढणाऱ्या बी पेशींत तरी असे होते. बर्किट अर्बुदात, जेथे ती प्रथिनेच बंद असतात, मिर-१५५ चे प्रमाण अत्यल्प असते. एका लसीकार्बुदाचा नियम दुसऱ्याला सरसकट लावता येत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

तिसरा विषाणू कोंबड्यांचा. हंगेरीचे पशुवैद्य योझेफ मारेक यांनी १९०७ मध्ये कोंबड्यांच्या पक्षाघाताचे वर्णन केले. ‘मरेक्स’ या नावाने कुक्कुटपालकांना परिचित असलेला हा रोग हर्पिस कुलातील विषाणूमुळे होतो, हे १९६७ मध्ये इंग्लंडमध्ये सिद्ध झाले. तो टी पेशींचे लसीकार्बुद उत्पन्न करतो आणि पक्षी काही आठवड्यांत दगावतात. १९७० च्या सुमारास टर्की पक्ष्यांच्या निरुपद्रवी विषाणूपासून त्यावर लस तयार झाली. कर्करोगाला आळा घालणाऱ्या आरंभीच्या लशींत तिची गणना होते, आणि भारतातील उबवणी केंद्रांतही एक दिवसाच्या पिलांना ती टोचली जाते. २००९ मध्ये असे आढळले, की मरेक विषाणूच्या एम-४ नामक सूक्ष्म आरएनएची बीजाक्षरेही मिर-१५५ चीच आहेत. मनुष्याच्या बाबतीत जो प्रयोग करणे अशक्य, तो कोंबडीच्या बाबतीत शक्य होता. इंग्लंडमधील काँप्टन येथील पशुआरोग्य संस्थेत वेणुगोपाल नायर, युगुआंग झाओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूतून एम-४ तेवढे काढून टाकले आणि तो पिलांना टोचला. विषाणू वाढला, अर्बुदे झाली नाहीत. मग त्यांनी आरएनए जागेवर ठेवून त्याच्या बीजाक्षरांपैकी केवळ दोन अक्षरे बदलली. तरीही अर्बुदे झाली नाहीत. शेवटी एम-४ च्या जागी कोंबडीचे स्वतःचे मिर-१५५ बसविले, आणि विषाणूची अर्बुद उत्पन्न करण्याची शक्ती परत आली. २०११ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग म्हणजे विषाणूच्या सूक्ष्म आरएनएमुळे जिवंत प्राण्यात लसीकार्बुद उद्भवते, याचा पहिला प्रत्यक्ष पुरावा होय. दोन अक्षरांनी जगणे-मरणे ठरावे याहून अधिक स्पष्ट काय असणार? परंतु या विषयात स्पष्टता फार काळ टिकत नाही. २०१४ मध्ये चीनमध्ये याच विषाणूच्या अधिक उग्र वाणावर तसाच प्रयोग झाला. तेथे एम-४ काढल्यावर अर्बुदे कमी झाली, पण थांबली नाहीत. उग्र वाणाजवळ बहुधा इतरही साधने असावीत.

मानवी विषाणूंसंबंधीचा पुरावाही असाच अर्ध्या वाटेवर आहे. म्यूनिक व हायडेलबर्ग येथील प्रयोगशाळांनी २०१० व २०११ मध्ये एपस्टाइन-बार विषाणूतून बीएचआरएफ-१ समूह काढून टाकला, तेव्हा परीक्षानळीत बी पेशींना अमर करण्याची त्याची क्षमता पुष्कळच घटली. ज्या उंदरांत मानवी प्रतिकार-यंत्रणा वाढविलेली असते अशा उंदरांना हाच अपूर्ण विषाणू दिला, तर शरीरभर पसरण्यास त्याला अधिक वेळ लागला. तथापि अर्बुदे झालीच. झुरिच येथे २०१९ मध्ये एक पाऊल पुढे टाकण्यात आले. विषाणूची सगळीच सूक्ष्म आरएनए नष्ट केली असता अशा उंदरांत टी पेशींनी संसर्ग अधिक चांगला आटोक्यात ठेवला. आणि मारक टी पेशी आधीच काढून टाकल्या, तर पूर्ण व अपूर्ण विषाणूंतील हा फरक नाहीसा झाला. यावरून असे अनुमान निघते, की जिवंत शरीरात या आरएनएंचे मोठे काम पेशी वाढविणे हे नसून पहारेकऱ्यांची नजर चुकविणे हे असावे. परीक्षानळीत पहारेकरीच नसतात. साहजिकच तेथे हे काम दिसून येत नाही.

या क्षेत्रातील निबंध वाचताना एक सावधगिरी बाळगावी लागते. एका सूक्ष्म आरएनएला शेकडो लक्ष्ये असतात. त्यांतून कर्करोगाशी संबंधित असे एखादे जनुक निवडून ‘हेच कारण’ असे म्हणणे सोपे आहे, आणि तसे बरेच झालेले आहे. शिवाय हा विषाणू लक्षावधी वर्षे यजमानाच्या अंगी राहत आला आहे. यजमानाला कर्करोग होण्यात त्याचा काहीच लाभ नाही. बी पेशी जगाव्यात आणि पहारेकऱ्यांना त्या दिसू नयेत, एवढीच त्याची गरज. निरोगी माणसात ही गरज निमूटपणे भागते. गुणसूत्रांची चूक, मलेरिया किंवा एड्समुळे दुर्बळ झालेली प्रतिकारशक्ती यांची जोड मिळाली म्हणजे तीच दोन साधने अर्बुदाच्या उपयोगी पडतात.

औषधोपचाराच्या दृष्टीने या ज्ञानाचा उपयोग काय, हा प्रश्न साहजिक आहे. सूक्ष्म आरएनएला उलट अक्षरांचा कृत्रिम तुकडा चिकटवून त्याला निकामी करणे तत्त्वतः सोपे आहे. अवघड आहे ते हा तुकडा नेमक्या पेशींपर्यंत पोचविणे व तेथे टिकविणे. मानवी मिर-१५५ ला अडविणारे कोबोमार्सेन नावाचे औषध त्वचेच्या टी पेशी लसीकार्बुदाच्या रुग्णांवरील चाचण्यांपर्यंत पोचले होते, परंतु उपचार म्हणून त्याला मान्यता मिळालेली नाही. विषाणूची सूक्ष्म आरएनए संसर्ग झालेल्या पेशींतून लहान पिशव्यांत भरून बाहेर पडतात व शेजारच्या पेशींत शिरतात, असे ॲमस्टरडॅम येथे २०१० मध्ये दिसून आले. त्यामुळे ती रक्तातही सापडतात, आणि रोगनिदानासाठी त्यांचा उपयोग करण्याचे प्रयत्न चालू आहेत. बार्ट समूहाला लक्ष्य करणारे औषध मात्र अद्याप बर्किट अर्बुदाच्या कोणत्याही मुलाच्या खाटेपर्यंत पोचलेले नाही. त्याला आजही बर्किट यांच्या काळात जी सुरू झाली त्या कर्करोगविरोधी रसायनांचाच आधार आहे.